फोडणी बंद

आधीच माफी मागून ठेवतो. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो माणूस नीट ओळखीचा असावा लागतो आणि लिहिताही यावं लागतं. माझ्याकडे दोन्ही थोडं थोडंच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या घरातलं लिहिणं आजवर सहीपुरतंच होतं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या बाई माझ्या नात्यातल्याही नाहीत. बीडमध्ये बी.एस्सी. करत असताना मी त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहिलो, एवढाच संबंध. त्यांना विचारून लिहायला घेतलं असतं तर म्हणाल्या असत्या, "ए कॉलेज, दुसरं काम न्हाई का तुला?" तरी लिहितो. कमीजास्त झालं तर समजून घ्यावं.

सगळे त्यांना आक्का म्हणत. त्या मात्र मोठ्या माणसांपैकी कुणालाच नावानं हाक मारत नसत. बायांना माहेरच्या गावावरून बोलवत आणि पुरुषांना कामावरून. खालच्या खोलीत दोन पोरं पोलीस भरतीची तयारी करत होती. ती दोघं मिळून "भरती". मी "कॉलेज". मधल्या मजल्यावर एक जोडपं राही. बाईचं माहेर गेवराईकडचं उमापूर, म्हणून ती "उमापूरवाली". तिचा नवरा मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर आचारी होता, म्हणून तो "ढाबा". त्यांना परी नावाची पहिलीतली मुलगी होती. लेकरांना मात्र आक्का नावानंच हाक मारत. इमारतीतल्या सगळ्या लेकरांची नावं त्यांना वडिलांच्या आडनावासकट पाठ होती. कारण विचारलं तर म्हणायच्या, "दवाखान्यात पुरं नाव सांगावं लागतं."

खोली बघायला गेलो तो दिवस आठवतो. आक्का जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. ती त्यांची कायमची जागा होती. उंच, किडकिडीत, मनगटावर पुरुषी घड्याळ. मी कुठला, काय शिकतो, हे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "सैपाक कोण करणार?"

"मीच करतो."

"फोडणीची पळी हाय का?"

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. "कढईतच करतो मी सगळं."

"कढईतलं चालत न्हाई. पळी घेऊन ये. पळीबिगर खोली देत न्हाई मी."

मी बाजारात जाऊन लांब दांड्याची लोखंडी पळी आणली. म्हातारीला कढई जळलेली आवडत नसेल, असं मनाशी धरलं. पुढच्याच आठवड्यात जिन्यावर खणखण आवाज आला आणि आक्का दारात उभ्या राहिल्या. हातात बादली, बादलीत पाच पळ्या.

"आण."

"काय?"

"पळी. खाली शिरूरवालीच्या लेकराला ताप हाय. फोडणी बंद."

असा तो नियम होता. इमारतीत कुणाच्याही लेकराला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड आला, की सगळ्या चुलींवरची फोडणी बंद. मोहरी तडतडायची नाही, लसूण तेलात पडायचा नाही. फोडणीच्या वासानं ताप उलटतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावाकडेही जुनी माणसं हे पाळत, पण ज्या घरात ताप त्या घरापुरतं. आक्कांनी ते सहाही खोल्यांना लावलं होतं. वासाला भिंत नसते, हा त्यांचा मुद्दा. गोळा केलेल्या पळ्या त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेल्या असत. ताप उतरून लेकरू अंगणात खेळायला लागलं, की पळ्या जिकडच्या तिकडे परत.

आता हे वर्षाकाठी एखाद्या वेळी झालं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण बीडमध्ये टायफॉईड आमच्या गल्लीत सर्दीसारखा येई. गावाकडे "मुदतीचा" म्हटलं की माणसं आवाज खाली करून बोलत. इथे दोन बाया नळावर भेटल्या की एक विचारी, "तुमच्याला झाला का?" आणि दुसरी म्हणे, "थोरल्याला झाला, आता धाकट्याला लागलाय." शाळेतल्या बाई गैरहजर पोराचं नाव आलं की टायफॉईड असं स्वतःच म्हणून पुढे जात. गल्लीच्या तोंडाशी रक्त तपासणारी दोन दुकानं होती आणि पावसाळ्यात दोन्हीकडे बाकावर जागा नसे. टायफॉईड नसला तर पेशी कमी, पेशी ठीक असल्या तर कावीळ, काहीच नसलं तर नुसताच ताप. आक्कांच्या लेखी ही सगळी एकाच घरातली भावंडं होती. थोरला तो मुदतीचा.

"मुदतीचा ताप म्हंजी भाडेकरू," त्या म्हणायच्या. "करार संपल्याबिगर जात न्हाई. मधीच हाकलला तर माघारी येतो आन् जास्ती जागा मागतो."

त्यामुळे आषाढ ते कार्तिक आमच्या इमारतीत फोडणीचा वास फार थोडे दिवस यायचा. आम्ही मिठाचं वरण, उकडलेल्या भाज्या आणि लिंबू पिळलेला भात खायचो. भरतीच्या दोघांनी एकदा पळीशिवाय तव्यावर अंड्याची भुर्जी केली. आक्का खालूनच ओरडल्या, "कोन हाय रे त्यो? जिरं टाकलं!"

"आक्का, अंड्याला कुठं फोडणी असती? नुस्तं तेल हाय."

"तेल गप बसतं का तव्यावर? बोललं की न्हाई चर्रकन? बोललं म्हंजी फोडणी."

दोघांतला एक मला म्हणाला, "पोलीस व्हायची काय गरज हाय बे? हिच्या नाकालाच वर्दी द्या." इमारतीतल्या लेकरांनी तर त्याचा खेळच केला होता. एकानं चादर घेऊन पडायचं, दुसऱ्यानं बादली घेऊन "फोडणी बंद" म्हणत दारोदार फिरायचं. आक्कांना तो खेळ दिसायचा आणि त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "अरं, आधी दवाखान्यात न्या त्याला. लगीच बादली घेऊन निघालात."

कारण डॉक्टरांवर त्यांचा राग नव्हता. उलट प्रत्येक आजारी लेकराबरोबर त्या स्वतः दवाखान्यात जात, आईच्या आधी खुर्चीवर बसत आणि डॉक्टर गोळ्या लिहायला लागले की "किती दिसांच्या?" असं विचारत. घरी आल्यावर शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत डोकावत. ताप बघायला थर्मामीटर नाही. उलटा तळहात लेकराच्या पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि "हाय" किंवा "न्हाई" म्हणायचं. बहुतेक वेळा बरोबर असे. कधी चुकतही. मला एकदा उन्हातून आल्यामुळे "हाय" म्हणाल्या आणि दोन दिवस इमारतीला बेचव खावं लागलं.

त्या चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातल्या. मुलांच्या शाळेसाठी गाव सोडून बीडला आल्या, ही इमारत बांधली, मुलं शिकली, पुण्याला नोकरीला लागली. त्या मात्र परत गेल्या नाहीत. नवरा शेतावर असे. शनिवारी भाजीची पिशवी घेऊन यायचा, जेवायचा, रविवारी निघायचा. "आमचं लगीन एसटीच्या टायमावर चालतं," आक्का सांगायच्या. त्या माणसाला मी कधी पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नाही.

नियम कुठून आला, हे मी त्यांना विचारलं होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो आणि मला नव्यानंच सगळ्याची कारणं कळायला लागली होती. त्या म्हणाल्या, धाकटा मुलगा पहिलीत असताना त्याला मुदतीचा झाला होता. ताप उतरला. घरी पाहुणे आले म्हणून त्यांनी सासूचं न ऐकता आमटीला फोडणी घातली आणि त्याच संध्याकाळी ताप परत भरला. पोरगं वाचलं, पण फार हाल झाले.

मी चाचरतच म्हणालो, "आक्का, गोळ्या मधेच सोडल्या असतील. त्यानंही उलटतो."

"सोडल्या व्हत्या," त्या लगेच म्हणाल्या. "आन् फोडणीबी घातली व्हती. आता तू सांग, गुन्हा कोनाचा? मला कळंना म्हणून मी दोन्हीबी सोडत न्हाई."

पाण्याबद्दलही मी एकदा बोललो होतो. आमच्या गल्लीत नळाला पाणी बरेच दिवसांनी एकदा येई. आलं की घरोघरी नळाला मोटर लावून ओढून घेत. पाइप गटारातून गेलेला, जागोजाग गंजलेला. मोटर ओढायला लागली की पाइपाबाहेरचंही आत येणार. ते पाणी पुढचे दिवसेंदिवस पिंपात साठवायचं. मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. आक्का म्हणाल्या, "नळाचं पानी सरकारी हाय. गावाकडं हिरीतलं पीत व्हतो आमी, बेडकासकट." विषय संपला.

या नियमाचा सगळ्यात जास्त जाच ढाब्याला व्हायचा. तो चार-पाच दिवस ढाब्यावरच राही आणि एखादा दिवस घरी येई. घरी आला की ताटात पांढरं वरण. एकदा तो ताट घेऊनच जिन्यात आला. "आक्का, दिसभर शंभर मानसांच्या दाळीला तडका देतो मी. माझ्याच घरी मला धुनं धुतल्यावानी वरण? कावून?"

"लेकरू आजारी हाय."

"माझं हाय का?"

"इमारतीतलं हाय."

"मग इमारतीनं खावं! मी काय इमारत हाय?"

त्या पावसाळ्यात ताप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होता. पहिल्यांदा परीलाच आला होता, मग शिरूरवालीचा थोरला, मग धाकटा. पळ्या खिळ्यावरून उतरल्याच नव्हत्या. बाया आता एकमेकींना टोमणे मारू लागल्या होत्या. "आमच्या लेकराचा झाला की तुमचं सुरू. ठरवून करता का?" ढाब्यानं तर बायकोला दम दिला होता की पुढच्या खेपेला घरात पांढरं वरण दिसलं तर मी येणारच नाही. हे मला नंतर कळलं. त्यात लक्ष्म्यांचा सण तोंडावर आलेला. आक्कांकडे दरवर्षी लक्ष्म्या बसत आणि जेवणाच्या दिवशी अख्खी इमारत त्यांच्याकडे जेवायला. सोळा भाज्या, कढी, कटाची आमटी. तापाची पाळी सणात येते की काय, ही चर्चा नळावर रोज चाले. अखेर शिरूरवालीचा धाकटा अंगणात धावताना दिसला आणि आक्कांनी पळ्या परत केल्या. त्या दुपारी सहाही खोल्यांतून एकदम मोहरी तडतडली. भरतीचे दोघे टाळ्या वाजवत बाहेर आले.

पुढच्या पंधरवड्यात इमारतीत एकाही लेकराला ताप आला नाही. निदान तसं दिसत होतं. उमापूरवालीच्या खोलीतून तर रोज सगळ्यात आधी फोडणीचा आवाज यायचा. परी काही दिवस कमी खेळताना दिसली, मग दिसेनाशी झाली. आक्कांनी विचारलं तेव्हा उमापूरवाली म्हणाली, "मामाकडं गेली उमापूरला. सनाला येईल."

लक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. अंगणात पानं मांडलेली, आक्का जुनं रेशमी लुगडं नेसून कढीला फोडणी देत होत्या. तेवढ्यात दारात पिकअप थांबली आणि परीचा मामा उतरला. मोठा हसरा माणूस. खांद्यावर मक्याच्या कणसांचं पोतं. पोतं टेकवून त्यानं मोठ्यानं हाक मारली, "परे! ए परे! कुठं दडलीस? मामा आलाय, ये की!"

आक्कांच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी उमापूरवालीकडे पाहिलं. उमापूरवाली पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती ताट खाली ठेवून भिंतीला टेकली.

आक्का जिना चढून गेल्या. मीही मागे गेलो. दाराला बाहेरून लावलेली कडी त्यांच्यानं निघेना, ती मी काढली. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता. परी कोपऱ्यात गोधडीवर पडलेली. डोळे अर्धवट उघडे, ओठ काळपट, तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. आक्कांनी उलटा तळहात तिच्या पोटावर ठेवला आणि लगेच उचलला. या वेळी त्या "हाय" म्हणाल्या नाहीत. पोट फुगून कडक झालं होतं.

पळ्या परत मिळाल्यावर काही दिवसांतच परीचा ताप उलटला होता. सगळ्यांचा सण जाईल, बाया नावं ठेवतील, नवरा घरी येणार नाही, म्हणून उमापूरवालीनं तो लपवला. नवरा सणाच्या गर्दीमुळे त्या दिवसांत ढाब्यावरच अडकला होता. औषधाच्या दुकानातून तापाचं पातळ औषध आणून पाजत राहिली. कुणाला संशय येऊ नये म्हणून रोज लेकराच्या उशाशी बसून फोडणी घालत राहिली. आणि ती करताना, तिनं नंतर सांगितलं, दरवेळी परीच्या तोंडावर पदर धरायची.

बीडला डॉक्टरांनी पोट तपासलं, फोटो काढला आणि म्हणाले, आतड्याला छिद्र पडलेलं दिसतंय, ताबडतोब अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेत परी, उमापूरवाली, आक्का आणि मी. मामा मागून पिकअपमध्ये. आक्का रेशमी लुगड्यातच होत्या. ढाब्याला फोनवर कळवलं होतं. गाडी मांजरसुंब्याच्या चौकात थांबली तेव्हा तो रस्त्याच्या कडेलाच उभा होता. भट्टीसमोरून तसाच आलेला. बनियनवर हळदीचे डाग, अंगाला लसणाचा आणि जळक्या मिरचीचा वास. मागचं दार उघडलं. त्यानं परीकडे पाहिलं आणि तो चढलाच नाही.

"मी पुढं बसतो, डायवरपाशी," तो म्हणाला.

"कावून?" उमापूरवाली ओरडली. "या की आत!"

त्यानं दोन्ही हात मागे लपवले. "अंगाला फोडणी हाय माझ्या."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग आक्का बाकावर सरकल्या. "ये," त्या म्हणाल्या. "बस लेकराजवळ. बापाचा वास हाय त्यो."

तो चढला आणि परीचा पाय धरून बसला. केज येईपर्यंत आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या लुगड्यालाही कढीच्या फोडणीचा वास येत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या बहुतेक आधीच आलं असावं.

परीचं ऑपरेशन झालं. बरेच दिवस ती जाईल की राहील हे कुणी सांगत नव्हतं. आक्का तिथेच व्हरांड्यात चटईवर झोपत. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचो. एकदा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई आक्कांना समजावत होत्या की हे दूषित पाण्यानं होतं, पाणी उकळून प्या. मला वाटलं, आता "सरकारी पानी" निघणार. आक्कांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उकळी किती वेळ ठिवायची?"

परी वाचली. पोटावर उभा व्रण घेऊन आणि पूर्वीपेक्षा हट्टी होऊन घरी आली.

त्यानंतर काही दिवसांनी शिरूरवालीच्या थोरल्याला परत ताप भरला. ती सवयीनं स्वतःच पळी घेऊन खाली आली. मी जिन्यात होतो. आक्का म्हणाल्या, "ने वर. घाल फोडणी. लेकराचा ताप मला सांगितलास, बास." पण त्या दिवशी त्यांनी स्वतःची पळी खिळ्याला अडकवली. पुढे तोच रिवाज झाला. इमारतीत कुठल्याही लेकराला ताप असला की पाच खोल्यांतून फोडणीचा वास यायचा आणि आक्का एकट्या पांढरं वरण खायच्या. लेकरं काही आजारी पडायची थांबली नव्हती, त्यामुळे त्यांच्या जेवणाला चव अशी क्वचितच असे. शनिवारी नवरा आला की त्याला पांढरं वरण मिळे. तो काही बोलत नसेच.

मी एकदा विचारलं, "आक्का, तुम्ही तरी का पाळता आता?"

"उमापूरवालीला तापाचं भ्या न्हाई वाटलं," त्या म्हणाल्या. "माझं वाटलं. मंग माझा नियम माझ्यापाशीच बरा."

आणि दुसरा नाद सुरू झाला. अंगणात चूल, चुलीवर भला मोठा तांब्याचा हंडा. पहाटेपासून आक्का सगळ्या इमारतीचं प्यायचं पाणी उकळत. लाकडं शेतावरून नवरा पाठवायचा. मोटरीचं पहिलं पाणी गटारात सोडून द्यायला लावत. यावरून गल्लीतल्या लोकांशी त्यांची रोज भांडणं होत, पाणी वाया घालवते म्हणून. उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येई. भरतीतला एक म्हणाला, "आधी जेवनाला चव नव्हती, आता पान्याला नको ती चव हाय." ताप कमी झाले का? झाले असावेत. शाळेत दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी पिणाऱ्या लेकरांचं काय करायचं, हे आक्कांनाही सुटलेलं नव्हतं.

स्वतः त्या मात्र पिंपातलंच पाणी पीत. तांब्या बुडवायच्या आणि उभ्याउभ्या प्यायच्या. मी दोन-तीनदा बोललो. "ह्यो लेकरांचा ताप हाय," त्या म्हणायच्या. "माझ्या वयाला इचारत न्हाई. आन् हंड्यातलं मोजून पाच घरांचं हाय. मी पेले तर एखादं लेकरू नळाला तोंड लावंल."

पदवी झाल्यावर मी पुढे शिकायला संभाजीनगरला आलो. निघताना आक्कांच्या पाया पडलो तर म्हणाल्या, "पळी घेतलीस का? ने. तिथं कुनी मागनार न्हाई." मला त्यांचा लळा लागला होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या फारशी माया दाखवणाऱ्या नव्हत्या आणि मीही संकोची. कधी सणाला फोन व्हायचा तेवढाच.

यंदा पावसाळ्यात उमापूरवालीचा फोन आला. "भावजी, आक्काला मुदतीचा धरलाय." रक्ताची तपासणी झाली होती, काही दिवस दवाखान्यात ठेवून घरी आणलं होतं. पुण्याहून मुलं न्यायला आली, तर म्हणाल्या, भाडेकरूंना सोडून मालकीण कुठं जात असती का? मुलं आळीपाळीनं तिथेच राहत होती. ताप मात्र हटत नव्हता.

मग उमापूरवालीनं सांगितलं ते असं. आक्का घरी आल्या त्या सकाळी तिचा नवरा रात्रपाळी करून ढाब्यावरून आला. आंघोळ केली, स्वयंपाकघरातली पळी घेतली आणि खाली जाऊन आक्कांच्या खिळ्याला अडकवली. त्याच्यामागून शिरूरवाली गेली, मग बाकीचे. आक्का पडल्या पडल्या म्हणाल्या, "कुनी सांगितलं तुमाला? न्या वर. म्या नियम मोडलाय."

ढाबा म्हणाला, "आक्का, तुमी गप पडा. फोडणी बंद हाय."

मी विज्ञान शिकतो. फोडणीनं ताप उलटत नाही हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मी खिचडी केली आणि पळी खिळ्यावरच राहू दिली. खोलीतला मित्र म्हणाला, "हे काय बे, पाण्यात शिजवलेलं?" मी म्हणालो, पोट बिघडलंय. खरं कारण सांगायला जीभ वळली नाही. पुढे रोज तेच. एकदा उमापूरवालीनं सांगितलं की आक्का आता भान सोडून बोलतायत, लेकरांची नावं घेतायत, आडनावासकट, दवाखान्यात सांगतात तशी. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी कितीदा नंबर काढला आणि ठेवून दिला. न विचारलेलं बरं असं वाटायचं.

परवा सकाळी प्रयोगशाळेत जायला निघालो होतो, तर फोन वाजला. उमापूरवालीचा नंबर, पण आवाज परीचा.

"दादा, बोलू नका. नुस्तं ऐका."

तिनं फोन कशाजवळ तरी धरला. आधी काहीच ऐकू येईना. मग तेलात मोहरी तडतडली. आणि त्या आवाजाच्या मागून, लांबून, थकलेला पण चिडलेला आवाज आला:

"आगं जळाली की मोहरी! जिरं टाक आता! इतक्या दिसांत फोडणीबी इसरलात का सगळेजण?"